कायमचं तात्पुरतं

तुम्ही मध्यम आकाराच्या शहरात राहायला निघालात असं कळलं. अभिनंदन! निर्णय कसा झाला ते विचारत नाही. बदली झाली असेल, भाडं परवडेनासं झालं असेल, किंवा 'आता जरा शांत आयुष्य हवं' असं घरात कुणीतरी रात्री अकराला म्हणालं असेल आणि सकाळपर्यंत ते कुणी मागे घेतलं नसेल. कारण काहीही असो, आता सल्ला माझा ऐका. मी अशा शहरात नऊ वर्षं काढली आणि त्यातली जवळजवळ सगळी तिथं न पोचता काढली. हे येरागबाळ्याचं काम नव्हे. सामान ट्रकमधून एका दिवसात पोचतं. माणसानं पोचायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या हातात असतं. नीट जमवलंत तर दहा वर्षांनीही तुम्ही परवाच उतरल्यासारखे दिसाल.

सुरुवात सामानापासूनच करा. सगळी खोकी फोडायची नाहीत. निदान तीन तरी चिकटपट्टीसकट तशीच ठेवायची, आणि कुणी विचारलं तर 'कशाला, कधीही परत जायचंय' म्हणायचं. माझ्याकडच्या एका खोक्यावर 'इतर' असं लिहिलं होतं. आत काय आहे ते मला दुसऱ्या वर्षीच आठवेनासं झालं. मग त्यावर चाव्या ठेवायला लागलो, मग चार्जर, मग एक कुंडी. पाहुणे त्याला टेबल समजायचे. मी समजू द्यायचो. भिंतीला खिळा मात्र कधी ठोकला नाही. खिळा ठोकला की माणूस तिथला झाला. तसबिरी नऊ वर्षं भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या.

शहर नक्की केवढं आहे, याबद्दल ठाम मत बनवू नका. सोयीप्रमाणे बदलत राहा. शास्त्र तुमच्या बाजूनं आहे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या वर्गवारीत २ ते ५ लाख वस्तीचं शहर मध्यम आणि त्यापुढे थेट महानगरी. चीननं २०१४ साली केलेल्या वर्गवारीत ५ लाखांच्या आतलं शहर लहान आणि ५ ते १० लाखांचं मध्यम. म्हणजे ६ लाखांचं शहर एका कागदावर महानगर, दुसऱ्यावर मध्यम. ३ लाखांचं असेल तर एकीकडे मध्यम, दुसरीकडे चिल्लर. तेव्हा सिग्नलला दोन मिनिटं थांबावं लागलं की 'केवढं वाढलंय हे शहर' म्हणा, आणि हवी ती वस्तू त्याच दिवशी घरपोच आली नाही की 'खेडं आहे हो नुसतं' म्हणा. दोन्ही एकाच दुपारी म्हणता आलं पाहिजे. जगातल्या शहरी माणसांपैकी जवळजवळ निम्मी माणसं ५ लाखांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी राहतात, असं संयुक्त राष्ट्रांचा २०१८ चा अहवाल सांगतो. तो वाचू नका. आपण चारचौघांसारखेच आहोत असा समज व्हायचा. वनवास एकट्याचा असेल तरच त्याला वजन असतं.

यानंतरचं महत्त्वाचं साधन म्हणजे 'तिकडे' हा शब्द. तुम्ही जिथून आलात ते महानगर म्हणजे तिकडे. वाक्याची सुरुवात 'तिकडे कसं असतं माहितीय का' अशी झाली पाहिजे आणि समोरच्यानं विचारलेलं नसलं पाहिजे. तिकडे वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. (तुम्ही तिकडे असताना त्यात कधी गेला होतात, हा प्रश्न गैरलागू आहे.) तिकडे नाटकं होतात, प्रदर्शनं भरतात, परदेशी वादक येतात. हे सगळं तुम्ही तिकडे असताना पेपरातच वाचत होतात, पण पेपर तिकडचा होता. इथं रंगमंदिर घरापासून आठ मिनिटांवर आहे आणि तिकीट आयत्या वेळी मिळतं. म्हणून तर तिथं जाण्यात मजा नाही.

तिकडच्या बाजूनं आकडाही देता येईल. शहरांचा गणितानं अभ्यास करणाऱ्या काही शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की शहराची वस्ती दुप्पट झाली की माणशी कमाई, शोध, पेटंटं अशा गोष्टी सुमारे १५ टक्क्यांनी वाढतात. हे वाक्य मोठ्यानं म्हणा. साधारण त्याच हिशेबानं गुन्हे आणि काही रोगही वाढतात, हे वाक्य मात्र गिळून टाका.

आता शेजारी. हे प्रकरण नाजूक आहे. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०३ मध्येच लिहून ठेवलंय की महानगरातल्या माणसावर दिवसभर इतक्या गोष्टी आदळतात की जीव वाचवायला तो अंगावर बेफिकिरीचं कवच वाढवतो. तुम्हीही ते वाढवलंय. एवढ्या वर्षांची कमाई आहे. आता आदळणं थांबलं म्हणून काय ती उतरवून ठेवायची? सकाळी जिन्यात शेजारी विचारतील, 'काय, निघालात?' या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. 'हो, निघालो' एवढ्यावर दोन्ही पक्ष सुटतात. पण तुम्ही असं बघा की त्यांनी तुमच्या खात्याचा पिन विचारलाय. मी बस थांब्यावरसुद्धा पथ्य पाळलं होतं. थांब्याच्या डाव्या टोकाला एक दिव्याचा खांब होता, त्याला टेकून कानात इअरफोन घालून उभा राहायचो. बरेचदा त्यातून काही वाजत नसायचं. समोर रोज एक गृहस्थ असायचे, राखाडी पिशवी, काखेत छत्री, बाराही महिने. आठ वर्षं आम्ही एकमेकांकडे न बघण्यात एक दिवस खाडा केला नाही.

खरी पंचाईत होते ती खोटं बोलण्याची. तिकडे हा प्रश्न कधी पडत नाही, म्हणून कुणी सावध करत नाही. मी करतो. वाल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ मध्ये मांडलं की प्रत्येक सेवेला तग धरायला ठरावीक किमान गिऱ्हाईक लागतं. ती सेवा जितकी क्वचित लागणारी, तितकी ती मोठ्या ठिकाणीच सापडते. म्हणून मध्यम शहरात दातांचे डॉक्टर गल्लोगल्ली असतात आणि एखाद्या दुर्मिळ दुखण्याचा तज्ज्ञ महिन्यातून दोनदा बाहेरगावाहून येतो, येईन म्हणाला तर. क्रिस्टालरच्या यादीत खोटं बोलणं नव्हतं, पण नियम त्यालाही लागू आहे. खोटं तग धरायला शहराला किमान वस्ती लागते, आणि मध्यम शहराची ती भरत नाही.

मला हे असं कळलं. दाढ काढायची होती. धीर होईना, म्हणून सकाळी फोन करून सांगितलं, 'अचानक बाहेरगावी जावं लागतंय, आठवडाभर नाही.' संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात मी आरशासमोर एक फ्रेम लावून बघत होतो. आरशात माझ्या खांद्यामागे दुसरं एक डोकं उगवलं, तेही फ्रेम लावून बघत होतं. डॉक्टर. काही क्षण आम्ही दोघं आरशातून एकमेकांकडे बघत राहिलो. ते म्हणाले, 'ही तुम्हाला मोठी होतेय.' दाढेबद्दल चकार शब्द नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांच्या खुर्चीत होतो. तोंडात दोन हत्यारं घातल्यावर त्यांनी विचारलं, 'प्रवास कसा झाला?'

तेव्हा एक तर खरं बोला, जे मी सुचवणार नाही, किंवा दात, डोळे, केस आणि गाडीची दुरुस्ती यांसाठी तिकडेच जात जा. खर्च होतो, पण इभ्रत राहते.

शहरात लोक भेटू नयेत यासाठी आणखी एक उपाय म्हणजे लांब राहणं. सुरुवातीला तुमचं ऑफिस घरापासून बारा मिनिटांवर असेल. पहिले काही महिने तुम्ही लवकर पोचून दारात कुलूप बघत उभे राहाल. एवढा वेळ हातात आला की माणूस बिथरतो. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये दाखवून दिलं होतं की कुठल्याही काळातला माणूस रोज सरासरी तासभरच प्रवासात घालवतो. वाहन वेगवान झालं की तो घर लांब नेतो, तास तेवढाच राहतो. या नियमाचा मान राखा. शहराच्या कडेला, रस्ता 'होणार आहे' अशा ठिकाणी, झाडांची चित्रं असलेल्या फलकामागे फ्लॅट घ्या. वर्षभरात तुमचा तास तुम्हाला परत मिळेल आणि मग 'इथली वाहतूक म्हणजे' यावर हक्कानं बोलता येईल.

मैत्रीचा धोका म्हणावा तेवढा मोठा नाही, पण हिशेब माहीत असलेला बरा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या गावी आलेल्या लोकांनाही प्रश्न विचारले होते. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणण्याजोगं व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास फारसे धरायचे नाहीत. म्हणजे सोपं आहे. कुणाबरोबरही एकोणपन्नास तास झाले की उठायचं. 'या एकदा घरी' असं कुणी म्हटलं तर 'नक्की' म्हणायचं, वार ठरवायचा नाही. सोसायटीच्या मीटिंगला, टेकडीवर फिरायला जाणाऱ्या घोळक्यात, हौशी गाण्याच्या वर्गाला फिरकायचं नाही, कारण तिथं तास फार भराभर साचतात. आणि मग रविवारी संध्याकाळी तिकडच्या मित्राला फोन लावून सांगायचं, 'इथं माणसंच नाहीत रे.' मित्र घाईत असेल. तो तिकडे आहे.

नळ गळायला लागला की थोडी परीक्षा असते. तुम्ही मोबाइलवर ॲप उघडाल. ॲप सांगेल की आम्ही लवकरच तुमच्या शहरात येतोय. ते गेली सहा वर्षं लवकरच येतंय. दुरुस्ती करणाऱ्याचा नंबर इंटरनेटवर नसतो, तो जिन्यातल्या त्या 'निघालात?'वाल्यांच्या डोक्यात असतो. वाकू नका. बादली लावा. मी अकरा दिवस बादली लावली होती. बाराव्या दिवशी त्यांनीच दार वाजवून विचारलं, 'रात्री टपटप ऐकू येते, माणूस पाठवू का?' माणूस आला, वायसर बदलला, पैसे घेईना. 'काकांचं घर आहे ना, पुढच्या वेळी बघू.' पुढच्या वेळी! म्हणजे आता याच्याशी हिशेब उघडा राहिला. अशीच गुंतवतात ही माणसं. सावध राहा.

सुट्टीच्या दिवशी शहरात थांबणं टाळा, हे सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळची गाडी पकडून तिकडे जायचं, रविवारी रात्री पडेल चेहऱ्यानं परत यायचं. मी हे नेमानं केलं आणि त्यातच फसलो, म्हणून हा भाग जरा लक्ष देऊन वाचा.

स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये रोज दिसणाऱ्या पण कधी न बोलणाऱ्या माणसांना 'ओळखीचे अनोळखी' असं नाव दिलं. त्याचं निरीक्षण असं की अशी दोन माणसं रोजच्या जागेपासून जितकी लांब भेटतील, तितकी ती बोलण्याची शक्यता जास्त. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी, तिकडच्या स्टेशनात, पाच नंबरच्या फलाटावर, गर्दीत मला एक राखाडी पिशवी दिसली. काखेत छत्री. आकाश कोरडं ठाक. मी मान वळवणार तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं, आणि पुढं काय झालं ते लिहायची लाज वाटते. आम्ही दोघं लोकांना ढकलत एकमेकांकडे धावलो. हात हातात घेतले. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, जत्रेत हरवलेले भाऊ.

'इकडे कुठे?' ते म्हणाले.

'आलो होतो जरा. काय ही गर्दी हो! आपल्याकडे कसं...'

शब्द निसटून गेला होता. त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. ते जवळ सरकून, घरातली बातमी सांगावी तसं म्हणाले, 'तुम्हाला कळलं का? तुम्ही टेकून उभे राहता ना, तो खांब काढला काल. रस्ता रुंद करतायत.'

'कुणाला विचारून?' मी ओरडलो.