रोल नंबर बघून आवड ठरवणार?

आज सकाळी एस.वाय. बी.एस्सी.ची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. डोळे भरलेले. ओपन इलेक्टिव्हला, म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायच्या विषयाला, तिने माझा 'महाराष्ट्रातील किल्ले' मागितला होता आणि मिळालं 'जाहिरात कौशल्ये'. कारण काय, तर रोल नंबर. 1 ते 60 किल्ले, 61 ते 120 जाहिरात. हिचा 74. प्राधान्यक्रम भरून घेतलेला फॉर्म कुणी उघडूनसुद्धा बघितला नव्हता!

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, पहिल्या दिवसापासून म्हणतोय, मॅडम, मला जाहिरातच हवी होती. मी दोघांना घेऊन ऑफिसात गेले. म्हटलं, अदलाबदल करा, दोन्ही वर्गांचा आकडा तोच राहतो. "पोर्टल लॉक झालंय." कधी? "काल." यादी कधी लागली? "काल संध्याकाळी." मग मुलांनी बदल मागायचा तरी कधी? यावर उत्तर नाही, पुढचा कागद समोर ओढला. प्राचार्यांकडे गेले तर म्हणाले, मॅडम, दोन क्रेडिटचा विषय आहे, एवढं काय मनावर घेता.

घेणार मी मनावर! दोन क्रेडिट म्हणजे 30 तास. गेल्या वर्षी केमिस्ट्रीच्या एका पोराने विचारलं होतं, सिंधुदुर्गच्या पायात शिसं ओतलं म्हणतात, मग ते खाऱ्या पाण्यात टिकलं कसं? मला सांगता येईना. तो त्यांच्या सरांकडे गेला आणि पुढच्या तासाला येऊन त्यानेच आम्हाला समजावलं. दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घ्यायची सक्ती याचसाठी आहे ना? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला हा भाग मला मनापासून पटला होता. 2024-25 मध्ये आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत तो आला तेव्हा मी सुट्टीत बसून नोट्स काढल्या होत्या.

आणि इथे चाललंय काय, तर वर्कलोडची वाटणी. कुठल्या विभागाचे तास कमी पडतात ते बघून मुलं ढकलायची. भारतीय ज्ञान प्रणाली कुणी शिकवायची? ज्याचे तास भरत नाहीत त्याने. मागच्या सत्रात तो पेपर मला तास सुरू व्हायच्या दोन दिवस आधी दिला, अभ्यासक्रमाची झेरॉक्स हातात ठेवून. पर्यावरणाचं तर विचारूच नका. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रोजेक्ट तयार मिळतो, फक्त नाव बदलायचं. मी एकसारखे एकोणीस परत केले तर मलाच सांगण्यात आलं, मार्क भरायची तारीख जवळ आलीय, वाद नकोत.

सकाळी 7:20 चा तास. एसटीने येणारी मुलं त्या वेळी पोचतच नाहीत, हे दर सत्राला लेखी देते. वेळ बदलत नाही. मग मीटिंगमध्ये 'मुलांनाच रस नाही' म्हणणारे सहकारी बघितले की माझं डोकं फिरतं. अहो, मुलांना विचारलंत कधी? रस असलेली एक तर आज माझ्यासमोर रडत उभी होती!

जाताना ती म्हणाली, मॅडम, नुसती येऊन मागे बसू का? मी लगेच ये म्हटलं. मग दोघींनी टाइमटेबल बघितलं. सगळी ओपन इलेक्टिव्ह एकाच वेळी. किल्ल्यांच्या तासाला तिला जाहिरातीच्या वर्गात हजेरी द्यायची आहे.