गाडीच्या आधी प्लग बघा

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला, 'तुझी इलेक्ट्रिक एसयूव्ही एका चार्जमध्ये किती जाते गं?' तिघांनाही मी उलट विचारलं, 'रात्री गाडी कुठे लावतोस?' तिघंही क्षणभर गप्प झाले. रेंजचा आणि पार्किंगचा काय संबंध, असं त्यांना वाटलं असणार. दोन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आमच्या गाडीची बॅटरी ६० युनिटची आहे. युनिट म्हणजे वीजबिलावर असतं तेच, किलोवॉट-तास. माझ्या वडिलांना डिझेल भरलं की वहीत टिपून ठेवायची सवय होती. किती लिटर, किती किलोमीटर, सगळं तारखेसकट. गाडी बदलली तेव्हा त्यांनी ती वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'आता तू लिही.' मी लिहिते. त्यामुळे रेंजचे आकडे मी देतेय ते ब्रोशरमधले नाहीत, वहीतले आहेत.

शहरात एका युनिटला साडेसहा ते सात किलोमीटर मिळतात. हायवेवर ताशी १०० च्या वेगाने साडेपाच. १२० ने साडेचार, वारा समोरून असेल तर त्याहूनही कमी. पेट्रोल-डिझेलची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण त्याची गाडी हायवेवर जास्त ॲव्हरेज देते. पण इंजिन सिग्नलला उभं असतानाही इंधन खातं, मोटर खात नाही. शिवाय ब्रेक लावताना मोटरच जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. मोकळ्या रस्त्यावर परत मिळवायला काही नसतं, नुसती हवा कापायची असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १०० चे १२० केले की वेग वाढतो २० टक्के आणि विरोध वाढतो ४४ टक्के. त्यात एसयूव्ही उंच आणि रुंद, म्हणजे ढकलायची हवाही जास्त.

आता हिशेब करा. लांबच्या प्रवासात बॅटरी १० टक्क्यांच्या खाली कुणी जाऊ देत नाही आणि फास्ट चार्जरवर ८० च्या पुढे थांबण्यात अर्थ नसतो, का ते पुढे सांगते. म्हणजे हाताशी राहिले ७० टक्के, ४२ युनिट. १०० च्या वेगाने २३० किलोमीटर, १२० ने १९०. ब्रोशरवरचा मोठा आकडा पहिल्या टप्प्यापुरता, घरून १०० टक्के भरून निघालो तेवढ्यापुरताच. ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. चाचणी ठरलेल्या पद्धतीने होते, त्यात वेग बराच कमी-जास्त होत राहतो. पण गाडी दाखवणाऱ्याने हे ४२ युनिटचं गणित गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगावं, अशी माझी कळकळीची अपेक्षा आहे. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आणि एवढं असूनही रेंज हा माझ्या रोजच्या आयुष्यातला प्रश्नच नाही. वर्षाचे बहुतेक दिवस मी ५० किलोमीटरच्या आत असते. म्हणजे सात-आठ युनिट. साध्या जाड प्लगवरून, साधारण तीन किलोवॉटने, एवढी वीज तीन तासांत भरते. गाडी रात्री दहा-बारा तास उभीच असते. पंपावर जाऊन गाडी 'भरून आणायची' असते, हे डोक्यातून काढून टाकायला मला दोन-तीन आठवडे लागले. आता फोनसारखंच आहे, घरी आलं की लावायची.

पण हा साधा प्लग साधा नसतो, हे मी चांगलंच शिकले. पहिले तीन महिने आमच्याकडे वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, नव्हता. पार्किंगमध्ये एक जुनं सॉकेट होतं, त्यावरच गाडीबरोबर आलेली केबल लावायचो. एका रात्री केबल काढायला गेले तर प्लग हाताला चटका बसेल इतका गरम. टॉर्चचा उजेड पाडून पाहिलं तर सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं आणि जळकट वास येत होता. पोटात गोळा आला. खाली वडिलांची स्कूटर उभी, शेजारी लाकडी सामान रचलेलं.

सकाळी इलेक्ट्रिशियन आला. त्याने सॉकेट उघडून दाखवलं, आतला स्क्रू सैल होता. सैल जोडणीतून बारा-पंधरा ॲम्पियर दहा-दहा तास वाहिले की तिथेच उष्णता साठते. इस्त्री किंवा गीझर थोडा वेळ चालतो आणि बंद होतो, म्हणून तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, वेगळा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवला, अर्थिंग तपासलं. ते नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत आणि ते योग्यच आहे. पुढे ७.२ किलोवॉटचा बॉक्स लागला. पण माझा आग्रह बॉक्ससाठी नाही. आग्रह स्वतंत्र वायरसाठी आहे. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावलेली मला कुठे दिसली की मी ओळख नसली तरी थांबते आणि सांगते.

आता लांबचा प्रवास. इथे मात्र मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

एका रात्री आई, वडील आणि मी घरी परतत होतो. बॅटरी १४ टक्के. ॲपवर स्टेशन हिरवं दिसत होतं, दोन चार्जर 'उपलब्ध'. पोहोचलो तर एकाचा स्क्रीन काळा. दुसऱ्याची गन, म्हणजे केबलचं गाडीत लावायचं टोक, लावली, लॉक पडल्याचा 'खट' आवाज आला, पंखा सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात लाल दिवा. पुन्हा लावली, पुन्हा तेच. हेल्पलाइनवरच्या मुलाने लांबून चार्जर रीस्टार्ट केला, एकदा, दोनदा, तीनदा. तो बिचारा मनापासून मदत करत होता, त्याच्या हातात तेवढंच होतं. मागच्या सीटवर आई काही बोलत नव्हती, पण तिने पर्स घट्ट धरली होती. पुढचं स्टेशन २६ किलोमीटरवर. त्या अंतराला चार-पाच युनिट पुरतात आणि आमच्याकडे आठ होते. आकडे बरोबर होते, तरी जीव टांगणीला लागला, कारण पुढचाही बंद असला तर काय, याचं उत्तर आकड्यांत नव्हतं. ताशी ६० ने गेलो. पुढचा चार्जर चालू होता. आई उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, टक्के वाढताना बघत.

बंद चार्जर हिरवा दाखवणं ही माझ्या मते साधी चूक नाही. एकटी बाई, आजारी माणूस, लहान मूल त्या हिरव्या ठिपक्यावर विसंबून निघतात. चार्जर बिघडणार, यंत्र आहे. पण बिघडलेला बिघडलेला दिसलाच पाहिजे. अमेरिकेत सरकारी निधीतून उभारलेल्या फास्ट चार्जरने वर्षातला ९७ टक्क्यांहून जास्त वेळ चालू राहिलं पाहिजे अशी अट घातली गेली. युरोपीय संघात एप्रिल २०२४ पासून नव्याने बसणाऱ्या ५० किलोवॉट आणि त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर बँकेच्या कार्डाने पैसे भरता यावेच लागतात. माझ्या फोनमध्ये आज सहा ॲप आहेत आणि त्यातल्या चारांच्या वॉलेटमध्ये पैसे अडकलेत. असे नियम सगळीकडे हवेत आणि त्यासाठी आपण गाडीवाल्यांनी बोललं पाहिजे.

एक गोष्ट आपल्याच हातात आहे. १० ते ८० टक्क्यांना आमच्या गाडीला ४५ मिनिटं लागतात आणि ८० ते १०० ला जवळजवळ तेवढाच वेळ पुन्हा. बॅटरी रिकामी असताना चार्ज होताना लिथियमचे आयन तिच्यातल्या ग्राफाइटच्या थरांत भराभर शिरतात. जागा भरत आली की त्यांना रेटून चालत नाही. रेटलं तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. थंडीतही याच कारणाने चार्जिंग हळू होतं. तेव्हा मागे रांग असेल आणि पुढचं स्टेशन आवाक्यात असेल, तर ८० ला गन काढा. त्या शेवटच्या २० टक्क्यांसाठी मागच्याचा पाऊण तास जातो. मी हे सांगायला गेले की कुणी ओशाळतं, कुणी हमरीतुमरीवर येतं. मी सांगत राहते.

घरी मात्र आम्ही आठवड्यातून एकदा १०० करतो, कारण आमची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नक्की किती शिल्लक आहे हे गाडीला नेमकं कळत नाही. पूर्ण भरली की तिचा हिशेब जागेवर येतो. एकदा महिनाभर आम्ही हे केलं नाही आणि १४ टक्क्यांचा आकडा बघता बघता ८ वर पडला. निकेलवाल्या, म्हणजे एनएमसी बॅटरीला उलट रोज ८० पुरे. आपली कोणती, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. जॉन गुडइनफ यांच्या गटाने एलएफपीचं हे रसायन १९९७ मध्ये मांडलं आणि लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं वय होतं ९७. हे वाचून दाखवल्यापासून वडील बॅटरीबद्दल आदराने बोलतात.

छोट्या बॅटरीबद्दल सांगायलाच हवं. इतक्या मोठ्या बॅटरीच्या जोडीला गाडीत १२ व्होल्टची लहान बॅटरी असतेच. दरवाजे, स्क्रीन, कॉम्प्युटर तिच्यावर चालतात आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विचही तीच ओढते. ती बसली की मोठीत ७० टक्के असोत की ९०, गाडी ढिम्म. दीड वर्षाने आमची बसली, पहाटे रेल्वे स्टेशनवर जायचं होतं त्याच दिवशी. दार किल्लीने उघडावं लागलं. तेव्हापासून सर्व्हिसिंगला मी सगळ्यात आधी १२ व्होल्टची तपासायला सांगते.

टायरही लवकर झिजतात, वजन आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, दोन्हींमुळे. ब्रेक पॅड मात्र नव्यासारखे आहेत. रीजन म्हणजे मोटरने गाडी हळू करत वीज परत घेणं. ते सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं की मागे बसलेल्या वडिलांना मळमळायचं. खालच्या पातळीवर आणलं, त्रास थांबला. रीजन बोचतंय म्हणून गाडीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे करून बघावं.

मग परत त्या तिघांकडे येते.

पहिल्याच्या पार्किंगला त्याचा मीटर जवळ आहे. त्याला मी म्हटलं, डोळे मिटून घे, पण आधी वायर ओढून घे. दुसरा गाडी रस्त्यावर लावतो, जागा रोज वेगळी. त्याला मी सध्या थांब म्हटलं. सगळी भिस्त फास्ट चार्जरवर ठेवायची तर वीज घरच्यापेक्षा महाग पडते, आठवड्याचे दोन तास जातात आणि त्या लाल दिव्याच्या रात्री जास्त येतात. इलेक्ट्रिकची मी एवढी बाजू घेते, तरी त्याला खोटं सांगणार नाही. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. त्याच्यासारख्यांसाठी रस्त्याकडेच्या खांबांवर साधे, हळू चार्जर हवेत. रात्रभर उभ्या गाडीला तीन किलोवॉट पुष्कळ होतात.

तिसऱ्याच्या इमारतीत जागा आहे, पण शेजारी लोड वाढेल म्हणून घाबरतात. ती भीती अगदीच निराधार नाही. दहा गाड्या संध्याकाळी एकदम ७ किलोवॉटने लागल्या तर ७० किलोवॉट होतात. पण त्याच दहा गाड्यांना रोज आठच युनिट लागत असतील तर ती ८० युनिट रात्रभरात वाटून भरता येतात आणि असे लोड वाटून घेणारे चार्जर मिळतात. नवी इमारत बांधतानाच पार्किंगपर्यंत रिकामे पाइप टाकून ठेवले तर पुढे फरशी फोडावी लागत नाही, हेही कुणीतरी बिल्डरांच्या कानी घालायला हवं.

त्याच्या इमारतीची बैठक येत्या रविवारी आहे. त्याने मला बोलावलंय. मी वही घेऊन जाणार आहे आणि त्या इलेक्ट्रिशियनलाही बरोबर यायला सांगितलंय. ते तपकिरी पडलेलं सॉकेट त्याने जपून ठेवलंय, तेही आणतो म्हणाला.