बेल्ट लावला म्हणून जुना ईक्यू-५ सुधारत नाही

हौशी आकाशछायाचित्रकारांच्या गटांत एक संदेश फिरत असतो. त्याचा सारांश असा: जुन्या ईक्यू-५ माउंटच्या (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या आधाराच्या) मोटर आणि गिअर काढून टाका, दोन स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या), जीटी-२ हा दातेरी बेल्ट आणि ऑनस्टेप या माउंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा बोर्ड लावा. पिरिऑडिक एरर, म्हणजे गिअरच्या प्रत्येक फेऱ्यात परत येणारी चूक, संपतो, २५६ मायक्रोस्टेपमुळे (मोटरच्या एका पावलाच्या २५६ तुकड्यांमुळे) अचूकता २५६ पट होते, गाइडिंगशिवाय (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा पाहून माउंट सावरण्याशिवाय) १० मिनिटांची एक्स्पोजर निघतात आणि माउंट लाखभराच्या माउंटसारखा चालतो.

करायला सांगितलेले काम चांगले आहे. त्यापुढची आश्वासने मात्र तपासायला हवीत.

“बेल्टमुळे पिरिऑडिक एरर संपतो”

ईक्यू-५ मध्ये १४४ दात्यांचे वर्मव्हील आहे; वर्म, म्हणजे मळसूत्री दांडा, एका फेऱ्यात त्याचा एक दाता पुढे सरकवतो. पृथ्वीची नाक्षत्र फेरी ८६,१६४ सेकंदांची, म्हणून वर्मचा एक फेरा ५९८ सेकंदांचा. मोठा पिरिऑडिक एरर याच वर्ममधून येतो, आणि बेल्ट बसतो मोटर व वर्म यांच्यामध्ये. वर्म कापताना राहिलेली खोट बेल्टने कशी जाणार? जातो तो मोटरच्या गिअरबॉक्सचा खडखडाट आणि त्या गिअरचा बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई. डेक (उत्तर-दक्षिण) अक्षावर हा फायदा चांगलाच जाणवतो, हे मान्य.

यात खरी गोम एररच्या आकारात नसून वेगात आहे. समजा वर्मचा एरर ±२० आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आहे. ५९८ सेकंदांत तो सावकाश वरखाली होतो. त्याचा सर्वाधिक वेग सेकंदाला ०.२१ आर्कसेकंद, म्हणजे दोन सेकंदांच्या गाइड एक्स्पोजरमध्ये जेमतेम ०.४२. पीएचडी-२ हे गाइडिंगचे सॉफ्टवेअर एवढे सहज सांभाळते. आता बेल्टकडे पाहा. वर्मवर ६० दात्यांची पुली असेल तर दर १० सेकंदांनी बेल्टचा एक दाता पुढे सरकतो. पुली तिरकी किंवा हलक्या प्रतीची असेल आणि त्यातून नुसता ±२ आर्कसेकंदांचा एरर आला, तरी त्याचा वेग १.२६ आर्कसेकंद प्रति सेकंद होतो. गाइडिंग त्याच्या मागे धावत राहते आणि तारे लांबट येतात. वर्मच्या एररच्या एक दशांश आकाराचा, पण सहापट वेगवान असा हा एरर आपण स्वतःच पैसे मोजून बसवलेला असतो.

म्हणून मोटरवर १६ ऐवजी २० दात्यांची पुली घ्या, कारण लहान पुलीवर बेल्ट जास्त वाकतो. पुलीचे भोक दांड्यावर सैल असेल तर ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आवळताच पुली एका बाजूला सरकते. २० दात्यांची पुली अशी सरकली तर तिचा एरर १९९ सेकंदांनी परत येतो. गाइड लॉगमध्ये (गाइडिंगच्या नोंदींच्या आलेखात) ५९८, १९९ आणि १० यांपैकी कुठल्या कालावधीला उंचवटा दिसतो ते पाहिले की दोषी भाग सापडतो. वर्मच्या दांड्याचा व्यास कॅलिपरने मोजल्याशिवाय पुली मागवू नका. बेल्टही तारेसारखा ताणायचा नाही. बोटाने दाबला तर किंचित लवला पाहिजे, नाहीतर ओढ वर्मच्या बुशवर पडते.

“२५६ मायक्रोस्टेप म्हणजे २५६ पट अचूकता”

मायक्रोस्टेप वाढवले की एका मायक्रोस्टेपमागचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घटतो. ३२ मायक्रोस्टेपला तो मोटरच्या होल्डिंग टॉर्कच्या (जागेवर धरून ठेवण्याच्या जोराच्या) सुमारे ५ टक्के असतो, २५६ ला ०.६ टक्के. एवढा टॉर्क जुन्या माउंटचे घर्षण खाऊन टाकते. मोटर काही मायक्रोस्टेप जागेवर थांबते आणि मग एकदम उडी मारते.

गरज तरी किती आहे? ०.९ अंशांची, म्हणजे फेऱ्याला ४०० स्टेपची मोटर, ३२ मायक्रोस्टेप, २० आणि ६० दात्यांच्या पुली, १४४ दात्यांचे व्हील:

४०० × ३२ × ३ × १४४ ÷ ३६० = १५,३६० स्टेप प्रति अंश

एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.२३ आर्कसेकंद. पुण्या-मुंबईच्या हवेत तारा स्वतःच याच्या कितीतरी पट थरथरतो. ऑनस्टेपच्या कॉन्फिगरेशनमध्ये वर्मच्या एका फेऱ्याचे स्टेपही भरायचे असतात. ते इथे ३८,४०० येतात. हा आकडा चुकला तर पीईसी (पिरिऑडिक एरर नोंदवून तो उलट दिशेने भरून काढणारी सोय) चुकीच्या कालावधीने चालते आणि एरर कमी होण्याऐवजी वाढतो.

“गाइडिंग लागत नाही”

४०० मिमी फोकल लांबी आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल घ्या: २०६.२६५ × ३.७६ ÷ ४०० = १.९४ आर्कसेकंद प्रति पिक्सेल. १० मिनिटांत वर्मचा पूर्ण फेरा होतो, म्हणजे वरच्या उदाहरणातला तारा ४० आर्कसेकंदांची, सुमारे २० पिक्सेलची रेघ ओढतो. गाइडिंगशिवाय दोन पिक्सेलच्या आत राहायचे तर सर्वात वाईट टप्प्यात २० सेकंदांच्या आसपास थांबावे लागते. शहरी आकाशाखाली कमी रीड-नॉइझच्या (चित्र वाचताना कमी गोंगाट भरणाऱ्या) कॅमेऱ्याला तेवढेही चालते, हा भाग वेगळा.

शिवाय ध्रुवीय अक्ष, म्हणजे माउंटचा आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला अक्ष. तो ५ आर्कमिनिटांनी चुकला तर तारा मिनिटाला १.३ आर्कसेकंदांपर्यंत डेकमध्ये सरकतो, आणि त्यावर कुठलाही बेल्ट उपाय नाही. महाराष्ट्रात ध्रुवतारा जेमतेम १६ ते २२ अंशांवर, बहुतेक वेळा क्षितिजाच्या धुरकटात असतो. गच्चीच्या उत्तरेला इमारत असेल तर तोही नाही. अशा वेळी निना या मोफत सॉफ्टवेअरचे तीन बिंदूंचे पोलर अलाइनमेंट (हा अक्ष ध्रुवाशी जुळवण्याचे) प्लगइन वापरा. त्याला ध्रुवतारा दिसावा लागत नाही. आपल्या अक्षांशावर काउंटरवेटचा दांडा जवळजवळ सरळ खाली येतो आणि तिपाईच्या पायाला अडू शकतो. म्हणून रात्री गोटू (दुर्बीण आपोआप लक्ष्याकडे वळवणारी सोय) चालवण्याआधी दिवसा एकदा हाताने पूर्ण फिरवून पाहावे.

“नव्या माउंटची बरोबरी”

इथे संदेश सर्वात महत्त्वाचे काम गाळतो: जुनी ग्रीस आणि वर्मची मेश, म्हणजे वर्म व्हीलच्या दात्यांत किती घट्ट बसतो ते. मोटर घेण्याआधी हे करा. खर्च ग्रीसच्या ट्यूबएवढा, आणि पावसाळ्याचे चार महिने नाहीतरी माउंट पेटीतच असतो. घट्ट झालेली चिकट ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पातळ लिथियम ग्रीस लावा, पण बोटभर नको. वर्मच्या टोकाच्या नटने त्याची पुढेमागे होणारी हालचाल आधी काढा. मग वर्मचा ब्लॉक धरणारे अ‍ॅलन बोल्ट किंचित सैल करून ग्रब स्क्रू थोडा थोडा फिरवा आणि क्लच आवळून अक्ष हाताने हलवत राहा. व्हील पूर्ण गोल नसते. त्यामुळे अक्ष ३६० अंश फिरवून सर्वात घट्ट जागा शोधा आणि तिथे वर्म मोकळेपणी फिरेल एवढीच मेश ठेवा. बॅकलॅश शून्य करण्याच्या हट्टापायी मेश आवळली की थंडीत ग्रीस घट्ट होते आणि स्टेपर स्टेप गाळतो. स्टेपरला एन्कोडर (किती फिरलो ते मोजणारा भाग) नसल्यामुळे बोर्डाला ते कळतही नाही; गोटू चुकीच्या जागी जातो आणि शिव्या ऑनस्टेपला पडतात.

उरलेला बॅकलॅश तोलाने झाकता येतो. आरएमध्ये (पूर्व-पश्चिम अक्षात) पूर्वेची बाजू किंचित जड ठेवली की वर्म एकाच बाजूने टेकून राहतो. डेकमध्ये पीएचडी-२ ला एकाच दिशेने सुधारणा करू द्या.

वजनाचा प्रश्न बेल्टने सुटत नाही. फोटोसाठी लिखित क्षमतेच्या निम्मे ते दोन तृतीयांश धरावे, आणि लांबी त्याहून महत्त्वाची आहे: जडत्व अंतराच्या वर्गाने वाढते. १५०/७५० न्यूटोनियन कॅमेऱ्यासह ईक्यू-५ ला वाऱ्यात पेलत नाही. ७२ मिमीचा छोटा रिफ्रॅक्टर तोच माउंट मजेत सांभाळतो. पैसे मोजके असतील तर गाइड कॅमेरा आणि आरएची मोटर आधी घ्या. गोटू आणि डेकचा बेल्ट पुढच्या हंगामात आला तरी चालतो.