२८ वॅटचा वारा

पुण्यातल्या ज्या पिढीने पेठेतल्या वाड्यात उन्हाळे काढले, तिच्या लेखी छताचा पंखा ही मूलतः मुंबईकरांची गरज आहे. आमचे बाबा त्या पिढीचे आहेत. एप्रिलमध्ये कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर पारा चाळिशीला टेकलेला असताना, पंचाने मान पुसत ते सांगतात की पुण्याची हवा अजून उत्तमच आहे, फक्त आपल्या पंख्याला ती नीट हलवता येईनाशी झाली आहे. एरवी हे विधान तात्त्विक म्हणून सोडून दिले असते. पण दिवाणखान्यातला पंखा खरोखरच इतका सावकाश फिरू लागला होता की पाती मोजता येत होती, आणि आत्याने ती मोजून तीनच असल्याचे जाहीरही केले होते.

वायरमनने शिडीवर चढण्यापूर्वीच निदान केले, “कंडेन्सर गेलाय.” छताच्या पंख्यात बहुधा अडीच मायक्रोफॅरड क्षमतेचा, मोटरीला फिरायला हातभार लावणारा एक चिमुकला कंडेन्सर असतो. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन त्याची क्षमता घटली की मोटर धडधाकट असूनही पंखा मरगळतो. हा भाग शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि तो बदलायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही, मात्र आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडलेला असावा लागतो. पंखा हळू झाला म्हणून तो भंगारात देणाऱ्यांनी एवढे एकदा करून पाहावे. आमचा पंखा तत्काळ बरा झाला, आणि ही त्या आठवड्यातली सर्वांत गैरसोयीची बातमी ठरली, कारण तोपर्यंत सौभाग्यवतींनी नवे पंखे घ्यायचे निश्चित केले होते.

त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. जुन्या पद्धतीचा पंखा पूर्ण वेगाने फिरताना साधारण ७५ वॅट खातो. बीएलडीसी या नव्या पद्धतीच्या मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला २८ ते ३५ वॅटमध्ये भागवतो. जुन्या मोटरीत फिरणाऱ्या भागात आधी वीज निर्माण व्हावी लागते आणि त्यात काही वीज वाया जाते. नव्या मोटरीत त्या जागी कायमचे चुंबक असतात आणि कोणत्या वेटोळ्याला कधी वीज द्यायची हे एक इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवते. बाबांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मग बिघडल्यावर हे मंडलसुद्धा शंभर रुपयांत मिळतं का?” या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, म्हणून विषय बदलण्यात आला. बरा झालेला पंखा माझ्या खोलीत लावायचा आणि दिवाणखान्यात सोफ्यावर व जेवणाच्या टेबलावर एकसारखे दोन नवे पंखे घ्यायचे, असा तह झाला. एकसारखे का, तर दिसायला जोडी बरी दिसते. या कलमाचे परिणाम पुढे येतीलच.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेच्या सामानाखेरीज काही दिसत नाही, आणि गाडी लावायला जागा तर मुळीच दिसत नाही. दुकानदारांनी आमचा रंगांविषयीचा संवाद काही काळ सहन केला आणि मग सांगितले, “स्टार बघा, वॅट बघा, हवा किती टाकतो ते बघा. रंग घरी गेल्यावर बघा.” ग्राहक मार्गदर्शनाची जाड पुस्तके यापेक्षा अधिक काही सांगत असतील असे मला वाटत नाही. छताच्या पंख्यांना स्टारचे लेबल २०२३पासून सक्तीचे आहे आणि एका वॅटमागे पंखा किती हवा ढकलतो याचा आकडा त्याच लेबलावर असतो; खरी परीक्षा त्या आकड्याची असते. सौभाग्यवतींनी दुकानातच बिलाचा फोटो काढून घेतला, कारण हल्लीची गुळगुळीत कागदावरची बिले काही काळाने आपोआप कोरी होतात, आणि वॉरंटीची मुदत मात्र त्या बिलावरच्या तारखेवरून मोजतात.

पंखे बसवताना खरा वाद उद्भवला तो रेग्युलेटरवरून. बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या आतूनच बदलतो. बाहेरच्या रेग्युलेटरमधून आलेली कापलेली वीज त्या मंडलाला सोसत नाही, त्यामुळे रेग्युलेटर काढून थेट जोडणी करावी लागते. आमच्या भिंतीवर मात्र इमारत बांधली तेव्हापासूनचा मोठा काळा डबा होता आणि त्यावर बाबांचे निस्सीम प्रेम होते. पंखा १ वर ठेवला की वीज वाचते, हा त्यांचा सिद्धांत. वायरमनने डबा उघडून आतली तारेची गुंडाळी दाखवली आणि समजावले की नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर ते बरेचसे खरे आहे, पण या डब्यात अडवलेल्या विजेतली बरीचशी गुंडाळीतच तापून जाते. म्हणजे बाबा इतकी वर्षे काटकसरीने भिंत तापवत होते. डबा उतरला, त्या जागी कोरी पट्टी बसली, आणि घरातला वाऱ्याचा कारभार रिमोटकडे गेला.

आता जोडीचे परिणाम. या रिमोटमधून टीव्हीच्या रिमोटसारखेच डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात, आणि एकाच मॉडेलचे पंखे ते किरण आपल्यासाठीच आले असे समजून आज्ञा पाळतात. बाबा सोफ्यावर ‘पाच’ दाबतात. जेवणाच्या टेबलापाशी निवडायला घेतलेल्या मेथीची पाने आत्याच्या अंगावर उडतात. आत्या ‘एक’ दाबते. बाबा पुण्याच्या हवेविषयी बोलू लागतात. (एका खोलीत दोन पंखे असतील तर प्रत्येक रिमोट आपल्याच पंख्याशी बांधता येतो का, हे दुकानातच विचारावे. रंगाआधी.) अखेर असा विधी ठरला की, ज्याला वेग बदलायचा त्याने दुसऱ्याचा पंखा भिंतीवरच्या बटणाने बंद करावा, आपला वेग लावावा आणि मग दुसऱ्याचा पंखा सुरू करून द्यावा. आमचे पंखे आपला शेवटचा वेग लक्षात ठेवतात, म्हणून हे जमते. मात्र दुसऱ्याचा पंखा पुन्हा सुरू करण्याचे बाबांच्या हमखास लक्षात राहत नाही.

मधूनच रिमोट चालेनासा होतो. तेव्हा त्याचे पुढचे टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट शाबूत आहे आणि दोष पंख्याकडे आहे. आमच्याकडे ठिपका चमकत नाही, कारण आतले सेल आत्याने मालिकेच्या वेळी टीव्हीच्या रिमोटमध्ये घातलेले असतात.

महिनाअखेर वीजबिल आले आणि युनिट लक्षणीय उतरलेले निघाले. सौभाग्यवतींनी हिशेब मांडला: दोन पंखे, प्रत्येकी ४७ वॅटची बचत, रोजचे दहा तास, म्हणजे महिन्याला २८ युनिट; शिवाय टप्पेवार दरामुळे वाचणारी युनिट ही नेहमी वरच्या, महाग टप्प्यातली असतात. बाबांनी दिनदर्शिकेच्या मागे आपला हिशेब लिहिला: दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे एक युनिट, महिन्याचे ३०, आणि गिझर उन्हाळा लागल्यापासून बंद आहे. दोन्ही गणिते मी तपासली. दुर्दैवाने दोन्ही बरोबर आहेत. बचतीचे श्रेय नेमके कोणाचे हे ठरवण्यासाठी बाबांनी माझ्या खोलीतला जुना पंखा महिनाभर पुन्हा दिवाणखान्यात लावून पाहण्याची सूचना केली आणि लगोलग वायरमनला फोनही केला. तो म्हणाला, “बसवून देतो काका, पण परत उतरवायचे पैसे वेगळे.”