डिस्नीचं 'फ्री डायनिंग' आणि ट्रिपच्या तारखा: एकेक मुद्दा बघू

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. सारांश असा: ओरलँडोच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डला जायचं तर आधी डायनिंग प्लॅन (डिस्नीच्या हॉटेलात राहताना जेवणाचे पैसे आधीच भरायची सोय) फुकट देणारी ऑफर कधी आहे ते बघा, त्याच तारखा पकडा, खाणं फुकट, मुलांचं तर वर्षभर फुकट, गर्दी नसते, डोक्याला ताप नाही, फॅमिलीचे हजार डॉलर सहज वाचतात. भारतातून आई-बाबा आलेत, त्यांना मुलांसोबत डिस्नी दाखवायचंय अशी कितीतरी घरं हा मेसेज वाचून तारखा लॉक करतायत, आणि हा पैसा लोकांनी वर्षभर साठवलेला असतो, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

"खाणं फुकट." ऑफर लागते ती पॅकेजवर. म्हणजे डिस्नीच्याच हॉटेलची रूम पूर्ण रेटने, वर ठरावीक दिवसांची तिकिटं, बऱ्याचदा 4 रात्री आणि 4 दिवस. त्याच काळात रूमवर जे डिस्काउंट चालू असतं ते यासोबत मिळत नाही, दोन्हीपैकी एकच घ्या. आता घरात सत्तरीचे आई-बाबा असतील तर ते 4 दिवस पार्कात फिरणारेत का? मॅजिक किंगडम एक दिवस, फार तर अ‍ॅनिमल किंगडम एक दिवस, बाकी वेळ त्यांना हॉटेलवर निवांत बसायचं असतं. पण पॅकेजमध्ये त्यांचीही 4 दिवसांची तिकिटं काढावी लागतात, आणि 2 दिवस आणि 4 दिवसांच्या तिकिटातला फरक दोघांचा मिळून काही शे डॉलर सहज होतो. नुसत्या रूमच्या डिस्काउंटला तिकिटांची अट नसते. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

"हजार डॉलर वाचतात." हा आकडा येतो कुठून ते बघा. 2020 मध्ये कोविडमुळे बंद झालेला प्लॅन जानेवारी 2024 मध्ये परत आला तेव्हा क्विक सर्व्हिस प्लॅनचा (म्हणजे काउंटरवरून घ्यायच्या जेवणांचा) मोठ्या माणसाचा रेट रात्रीला 57 डॉलर होता, 3 ते 9 वयाच्या मुलाचा साधारण 24, नंतर तो वाढला. हा रेट गुणिले माणसं गुणिले रात्री केलं की हजार होतात. पण वाचले किती हे प्लॅनच्या किमतीवर नाही ठरत, तुम्ही एरवी खिशातून किती खर्च केला असता त्यावर ठरतं! 57 डॉलरमध्ये दोन काउंटरची जेवणं, एक स्नॅक आणि हॉटेलात ड्रिंक भरून घ्यायचा कप. व्हेज माणूस काय खाणार? अ‍ॅनिमल किंगडममध्ये पँडोरा नावाच्या भागात सातुली कँटीन आहे, तिथला टोफू बोल खरंच चांगला लागतो, खाली राइस घ्या किंवा नूडल्स, पण तो 12-15 डॉलरच्या आसपासचा. दुसऱ्या वेळी चीज पिझ्झा, तोही तेवढ्यातच. जेवणासोबतचं कोल्ड ड्रिंक आपल्या आईला नकोच असतं आणि साधं गार पाणी काउंटरवर फुकट मिळतं. म्हणजे 57 चा प्लॅन आणि पोटात गेलं 30-35 चं. मटण-चिकन खाणाऱ्याचा आणि शाकाहारी माणसाचा रेट मात्र एकच.

अजून एक जवळून पाहिलेली गोष्ट सांगते. आपल्या लोकांना सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातलं सना नावाचं रेस्टॉरंट. खिडकीबाहेर जिराफ चरत असतात आणि टेबलावर त्यांची ब्रेड सर्व्हिस, गरम नान, सोबत चटण्या, रायतं, लोणचं अशा वाट्या, आई-बाबा अक्षरशः खूश होतात. पण टेबल सर्व्हिसच्या (टेबलवर बसून जेवायच्या) एका क्रेडिटमध्ये, म्हणजे प्लॅनमधल्या एका जेवणात, मेन डिश, डेझर्ट आणि ड्रिंक धरतात, स्टार्टर धरत नाहीत, आणि ही ब्रेड सर्व्हिस स्टार्टरमध्ये येते! म्हणजे ज्यासाठी गेलात त्याचेच पैसे वेगळे. शिवाय ऑफरमध्ये स्वस्त हॉटेलांना बऱ्याचदा नुसता क्विक सर्व्हिस प्लॅनच मिळतो, त्यात टेबलवर बसून जेवायचं क्रेडिटच नसतं, मग सनाचं डिनर अख्खं खिशातून.

"मुलांचं वर्षभर फुकट." 2026 साठी ही ऑफर आहे हे खरं, 3 ते 9 वयाच्या मुलांचा प्लॅन फुकट. पण कधी? बुकिंगमधल्या मोठ्यांनी प्लॅन विकत घेतला तर. एका बुकिंगवर 3 वर्षांपुढच्या सगळ्यांना तोच प्लॅन घ्यावा लागतो, मला हवा आईला नको असं चालत नाही. हिशोब करा, नवरा-बायको, आई-बाबा आणि 6 वर्षांचं एक पोर, 5 रात्री. 2024 च्या रेटनेसुद्धा चार मोठ्यांचे 1140 डॉलर भरायचे आणि पोराचे 120 वाचवायचे. आणि पोरगं 10 चं झालं की डिस्नीच्या हिशोबात ते मोठं माणूस, प्लॅनलाही आणि तिकिटालाही. 3 च्या आतल्या बाळाला तर प्लॅन लागतच नाही, ते आईच्या ताटातलं खातं.

हे पण सांगायला हवं की काही घरांना ऑफर खरोखर फायद्याची आहे. आई-बाप आणि 11-13 ची दोन मुलं, सगळे भरपूर आणि सगळं खाणारे, स्वस्तातली रूम, पार्क रोज करायचाच आहे, आणि सगळ्यांचा प्लॅन फुकट असं पॅकेज मिळतंय, तर घ्या, बिनधास्त घ्या, कारण 200 डॉलरच्या रूमवर 20 टक्के डिस्काउंट म्हणजे रात्रीचे 40 आणि या चौघांचं खाणं त्याच्या कितीतरी पुढे जातं. तसंच 2026 ची मुलांची ऑफर असेल आणि शेफ मिकीजसारखं कॅरेक्टर डायनिंग (जेवताना मिकीसारखी पात्रं टेबलापाशी भेटायला येतात ते) रोज करायचं असेल तर टेबल सर्व्हिसवाला प्लॅन वसूल होऊ शकतो. महागड्या रूमचं मात्र उलटं, तिथे 25-30 टक्के रूम डिस्काउंटच बऱ्याचदा जड भरतं.

"गर्दी नसते." फ्री डायनिंगची जुनी ठरलेली वेळ म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. गर्दी कमी असते ती का? शाळा सुरू झालेल्या असतात म्हणून. मग तुमच्या मुलांची शाळा काय बंद असते का? फ्लोरिडात तेव्हा ऊन आणि दमटपणा असा की मुंबईची माणसंसुद्धा हैराण होतात, दुपारी विजांसकट पाऊस आला की बाहेरच्या राइड्स बंद. आणि हरिकेनचा भर नेमका तेव्हाच असतो. 2017 च्या सप्टेंबरमध्ये इर्मामुळे आणि 2022 च्या सप्टेंबरमध्ये इयानमुळे पार्क बंद ठेवावे लागले होते. वर ऑगस्टपासून मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनच्या पार्ट्या सुरू होतात, त्यांचं तिकीट वेगळं, ज्यांच्याकडे ते नाही त्यांना त्या दिवशी संध्याकाळी 6 ला बाहेर, म्हणजे कॅसलवरचा फटाक्यांचा शोसुद्धा गेला. हे ऑफर बघून तारीख ठरवणाऱ्याला तिथे गेटवर कळतं. आणि गणपती पण याच दिवसांत येतात हो, 2026 ला तर 14 सप्टेंबर, आई-बाबा इथे असताना घरचा गणपती सोडून 30 डॉलरच्या खाण्यासाठी कोण जाणार.

"डोक्याला ताप नाही." टिप प्लॅनमध्ये नाही, 6 किंवा जास्त माणसं असली की 18 टक्के आपोआप लागते. चांगल्या रेस्टॉरंटमधल्या टेबलांचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं आणि पटापट भरतं. सिंड्रेलाज रॉयल टेबलसारख्या जागी एका जेवणाला 2 क्रेडिट जातात. उरलेली क्रेडिट्स चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री संपतात, पैसे परत नाहीत, म्हणून शेवटच्या रात्री लोक दुकानात जाऊन राइस क्रिस्पी ट्रीटची पाकिटं उचलत असतात, आणि त्यातल्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे शाकाहारी घरात तेही चालत नाही.

मग करायचं काय? आधी शाळेची सुट्टी, आई-बाबांचा मुक्काम आणि हवा बघून तारखा ठरवा, जानेवारीअखेर किंवा नोव्हेंबरची सुरुवात फिरायला छान असते. मग त्याच तारखांचा हिशोब तीनदा मांडा: ऑफरचं पॅकेज, रूम डिस्काउंट अधिक हवी तेवढीच तिकिटं, आणि डिस्नीबाहेर, ओरलँडोजवळच्या किसिमीला किचन असलेलं घर. खाण्याचा आकडा टाकताना आपलं माणूस खरं काय खातं तो टाका. पार्कात घरचं खाणं नेता येतं, काचेची बरणी आणि दारू तेवढी चालत नाही, आणि गरम करून मिळणार नाही. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, चिवडा सगळं बॅगेतून जातं. ओरलँडोत पटेल ब्रदर्स आहे, पहिल्या दिवशी तिथून दही, फळं, ठेपले घ्या. आणि सनाचं टेबल मात्र नक्की बुक करा, उजेड असतानाचं, म्हणजे जिराफ दिसतील.