मूठभर छिंगहाव

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुळवेलीचं भांडण अजून मिटलेलं नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं, आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं. तेव्हापासून काका एका बाजूला, डॉक्टर चुलतबहीण दुसऱ्या. मी हाँगकाँगला असतो म्हणून काका मलाही ओढतात : "चिनी लोक बघ, आपल्या औषधांचा कसा मान राखतात!"

राखतात की. इथल्या शेउंग वान भागातल्या दुकानांत वाळक्या मुळ्यांनी भरलेले खण आहेत, गिऱ्हाईकही आहे. पण चिनी औषधाला नोबेल मिळालं ते चाळणीतून गेल्यावर.

व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक मरत होते, म्हणून १९६७ मध्ये चीनने गुप्त '५२३ प्रकल्प' काढला. पुढे नोबेल मिळालेल्या संशोधक थू यूयू बाईंच्या गटाने दोन हजारांवर नुस्खे जमवले, ३८०च्या आसपास अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाव ही वनस्पती कधी गुण दाखवी, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या क हुंग यांच्या पोथीत ओळ सापडली : मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळायचं नावच नाही! उष्णतेने गुण जात असावा, असं बाईंनी ताडलं आणि कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मधल्या १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले मलेरियाचे सगळे परजीवी संपवले. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध निघालं. पोथी खरी की खोटी यावर कुणी हुज्जत घातली नाही. तिच्यातली कृती करून पाहिली.

चाळणीत विषही सापडतं. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत 'फांग ची' नावाच्या एका चिनी वनस्पतीऐवजी तशाच नावाची दुसरीच, विषारी वनस्पती गेली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली.

म्हणून मंत्रालयाचं तेव्हाचं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटतं : ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' असू शकेल. बहिणीला ती पळवाट वाटली, काकांना ढाल. अहो, असं असेल तर आधी बाजारातल्या पुड्या तपासायला हव्यात! आणि हे काही परकं नाही. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या रुस्तम जाल वकीलांनी १९४९ मध्ये रुग्णांच्या नोंदींसह मांडलं होतंच.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी उत्तरादाखल कुंपणावरच्या वेलाचा फोटो टाकला. बहिणीने विचारलं, "काका, खोडावर गाठी आहेत का हो? क्रिस्पाला असतात."

काका बॅटरी घेऊन बघायला गेलेत.