वीजबिल कसं समजून घेऊ नये

पहिली गोष्ट, बिल उघडू नका. घडी आहे तशीच फ्रीजवरच्या टोपलीत टाका, मोबाइलवर आलेला आकडा वाचा, 'अरे बापरे' म्हणा आणि भरून टाका. इंदूरमध्ये चार पिढ्या काढलेला मराठी माणूस असाच वागतो. गणपतीच्या वर्गणीवरून आपण दोन दोन तास भांडू, पण बिजलीवाल्यांशी? छे, ते सरकारी काम.

मी चुकलो. उघडलं. ४१२ युनिट, ३,६७४ रुपये. बरं, त्या महिन्यातले वीस दिवस आम्ही पुण्यात, भाचीच्या लग्नाला. रामबागेतल्या घराला कुलूप. फ्रीजसुद्धा रिकामा करून, पुसून, दार उघडं ठेवून गेलो होतो. मग ४१२ युनिट जाळले कुणी? पालींनी?

असं बिल आलं की आधी घरातला गुन्हेगार ठरवावा. तो बहुधा सगळ्यांत लहान असतो आणि त्याच्या हातात चार्जर असतो. महिनाभर फोन चार्ज केला तरी एक युनिटच्या आसपासच काय ते जळतं, आणि आपण आंघोळीआधी पेपर वाचत बसतो तेवढ्या अर्ध्या तासात दोन हजार वॅटचा गीझर अख्खं युनिट गिळतो, हे त्याला कळू देऊ नका. बापाचा मान राहिला पाहिजे.

मीटरकडे बघू नका. तिथे एक लाल दिवा लुकलुकत असतो. घरातला मेन स्विच पाडल्यावरही तो लुकलुकत राहिला, तर वीज दुसरीकडे कुठे तरी चालली आहे असा अर्थ होतो. अर्थ कळला की वायरमन शोधावा लागतो, आणि इंदूरमध्ये वेळेवर येणारा वायरमन शोधण्यापेक्षा बिल भरणं स्वस्त पडतं.

पाण्याच्या मोटरचा विषय तर काढूच नका. नर्मदा एक दिवसाआड येते, त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम घोंघावतात, आणि टाकी भरून वाहायला लागली तरी आपण पोहे संपवूनच उठतो. जाता जाता सांगतो, हे पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, डोंगर चढवून, पंपांनी ढकलत आणावं लागतं. त्या पंपांच्या वीजबिलानं खुद्द महापालिका इतकी टेकीला आली की २०२३ मध्ये तिनं २४४ कोटींचे हरित रोखे (म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले आणि जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. महापालिकेला बिल वाचता येतं. आपल्याला नाही.

आता बिलातले शब्द. पुण्याच्या मेहुण्यानं त्यांच्याकडचा 'वहन आकार' मोठ्या अभिमानानं सांगितला. वीज वापरायची ती वापरायची, वर ती वाहून आणल्याची हमालीही द्यायची. मी म्हटलं, बस का भाऊजी, आमच्याकडे 'नियत प्रभार' आहे. नियत म्हणजे ठरलेला, न बदलणारा. म्हणून तो दर महिन्याला बदलतो. मध्य प्रदेशात १५० युनिटांच्या पुढे गेलात की दर १५ युनिटांना ०.१ किलोवॅट भार धरतात आणि त्यावर हा प्रभार लावतात. आमचा मंजूर भार २ किलोवॅट. पण ४१२ ला १५ नं भागा, २७ पूर्ण आणि एक अर्धवट असे २८ हिस्से पडतात, म्हणजे कागदावर आम्ही २.८ किलोवॅटचे झालो. कुलूपबंद घर, आणि भार वाढला! ज्याची नियत अशी फिरते त्याला नियत म्हणायचं, एवढी विनोदबुद्धी त्या खात्यात आहे हे मान्य करायला हवं.

पावसाचा पहिला थेंब पडला की लाइट जाते. ती बचत योजना समजावी.

तरीही शंका उरली तर झोन ऑफिसात जावं. सकाळी साडेदहाला जाऊ नये, साहेब आलेले नसतात. बाराला जाऊ नये, साहेब फील्डवर असतात. दोनला लंच. चारला गेलात तर 'अब तो कल आना'. मी तीनदा गेलो. पहिल्या दिवशी खिडकीतल्या गृहस्थांनी बिलाकडे न बघता निदान केलं, "कूलर चलाया होगा." मी म्हटलं, कुलूप होतं. "तो पड़ोसी ने चलाया होगा." दुसऱ्या दिवशी दुसरी खिडकी. "मीटर ठीक है, मीटर झूठ नहीं बोलता." अहो, मीटर खोटं बोलतो असं मी म्हटलंच नव्हतं! तिसऱ्या दिवशी सगळी जुनी बिलं पिशवीत घालून घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर टेबलावर मांडली. मागच्या तीन महिन्यांत, दर महिन्याला, बरोबर ६० युनिट. फेब्रुवारीत ६०, मार्चमध्ये ६०, एप्रिलच्या उकाड्यातही ६०. शेजारी बारीक अक्षरात 'आकलित खपत'. म्हणजे रीडिंग घेतलंच नव्हतं, अंदाज ठोकला होता. कारण काय, तर 'परिसर बंद'. आमचा मीटर ओट्यावरच्या भिंतीवर आहे, रस्त्यावरून दिसतो! आई अख्खा दिवस त्याच ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली असते, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी विचारते, आणि परिसर बंद! आणि ज्या महिन्यात परिसर खरोखर बंद होता, तेव्हा मात्र पठ्ठ्यानं येऊन रीडिंग घेतलं आणि तीन महिन्यांची थकलेली युनिटं एका महिन्याच्या गळ्यात मारली.

हिशेब करा. ६० गुणिले ३, अधिक ४१२, एकूण ५९२. चार महिने. महिन्याला १४८. १४८! १५० युनिटांपर्यंत राहिलं की अटल गृह ज्योती योजनेत पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये पडतात. सरासरी धरली तर आमचे चारही महिने त्या रेघेच्या आत होते. पण चार महिन्यांचं जेवण एका ताटात वाढलं, आणि खादाड म्हणून आम्हालाच पंगतीतून उठवलं. सबसिडी गेली, वरच्या टप्प्याचा दर लागला, नियत प्रभार सुजला, आणि हे सगळं दुरुस्त करायचं सोडून खिडकीतून उत्तर काय? "पहले भर दो, अगले में एडजस्ट हो जाएगा." कशात? कोण करणार? लिहून द्या म्हटलं तर हसला.

आता उपरोध पुरे.

राग त्याचा आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. तीन महिने ६० युनिटांचं बिल येत होतं, शंभर रुपयांच्या आत, तेव्हा मी खूश होतो. मला ठाऊक होतं की दोन पंखे, फ्रीज आणि मोटर असलेलं घर ६० मध्ये भागत नाही. नुसता जुना ७५ वॅटचा पंखा तेरा तासांत एक युनिट खातो. मी ते 'आकलित' वाचलंही होतं. गप्प बसलो, कारण आकडा सोयीचा होता. तुम्हीही बसता. गल्लीतल्या पाच घरांना या महिन्यात असंच बिल आलंय, मी स्वतः जाऊन विचारलं. पाचही जणांनी ग्रुपवर डोकं धरलेल्या माणसाचं चित्र टाकलं आणि भरलं. सामायिक अर्जावर सही करा म्हटलं तर समोरचे काका म्हणतात, "उगाच मीटर काढून नेतील रे." काका, तुम्ही बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केलीत!

कुणी असं उठून मीटर काढून नेत नाही. विद्युत अधिनियम २००३ चं कलम ५६ वाचा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी लेखी नोटीस आणि पूर्ण पंधरा दिवस द्यावे लागतात. वाद असेल तर हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. कलम ४२ मध्ये तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. पण तिथे जायला तोंडी गाऱ्हाणं चालत नाही, कागद लागतो. दर महिन्याला, मीटर दिसतो तिथे उभं राहून, तारखेसकट फोटो काढा. बिल कमी आलं तेव्हा तर नक्की काढा.

अर्ज माझ्याकडे टाइप होऊन पडलाय, हिंदीत. सही करायची असेल तर शनिवारपर्यंत आई तो घेऊन ओट्यावर आहेच. आणि सोमवारी ऑफिसात दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मिळाल्याशिवाय मी खिडकीवरून हलणार नाही, लंच असो नाहीतर साहेब फील्डवर असोत.